वरच्या मजल्याची गरमी दर उन्हाळ्यात परत का येते: नाशिकच्या जुन्या घरांसाठी, वाड्यांसाठी आणि दुकानांसाठी

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. गेल्या वर्षी गच्चीला पांढरा रंग दिला, फरक पडला होता, यंदा होळी होते न होते तोच खोली पूर्वीसारखी तापायला लागली. नाहीतर, फॉल्स सीलिंग करून वर थर्माकोल भरलं, तरी रात्री अकराला पंखा गरम वाराच फेकतो. किंवा दुकानदार सांगतात की दीड टनाचा एसी काढून दोन टनाचा बसवला, बिल वाढलं, पण दुपारी चारनंतर गिऱ्हाईक आत थांबत नाही ते नाहीच.

सिडकोतली मजला चढवलेली रो हाउसं, इंदिरानगर आणि नाशिकरोडच्या जुन्या बिल्डिंगांचे शेवटचे मजले, मेनरोड-रविवार कारंजा परिसरातले वाडे, सातपूर-अंबडचे पत्र्याचे शेड. इमारती वेगळ्या, इलाजही वेगळे. पण गरमी दरवर्षी परतण्याची कारणं घोटून घोटून दोनच उरतात: उष्णता चुकीच्या जागी अडवलेली असते, किंवा तिला अडवणारा थर पावसाळ्यात भिजून निकामी झालेला असतो.

दुसऱ्या कारणाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. राजस्थानातल्या किंवा आखाती देशांतल्या घरांचे व्हिडिओ पाहून लोक उपाय उचलतात. जैसलमेरला वर्षभरात जेमतेम काही इंच पाऊस. तिथे गच्चीवर मातीचा जाड थर टिकून जातो. नाशिकला एप्रिल-मेमध्ये हवा तशीच कोरडी असते, पारा चाळिशी ओलांडतो, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीच गच्ची ओली असते. वाळवंटाकडून घ्यायचं ते हे: पांढरा पृष्ठभाग, बाहेरून सावली, दिवसा बंद आणि रात्री उघडं घर. पाणी पिणारा कुठलाही थर मात्र घ्यायचा नाही.

गरमी येते कुठून, ते आधी शोधा

खर्च करण्याआधी एक दिवस मोजमाप करा. इन्फ्रारेड थर्मामीटर म्हणजे ते बंदुकीसारखं धरायचं यंत्र, हल्ली सहज मिळतं. दुपारी तीन, संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि पहाटे सहा, अशा चार वेळांना छताची खालची बाजू, चारही भिंती, खिडकीची काच आणि जमीन यांचं तापमान वहीत लिहा. चकचकीत पत्र्यावर किंवा फॉइलवर हे यंत्र खोटा आकडा दाखवतं. तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

यंत्र नसेल तर रात्री साडेनऊ-दहाला स्टुलावर चढून छताला तळहात लावा, मग तोच हात आतल्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीला लावा. फरक हाताला कळतो.

आता आकडे काय सांगतात ते बघा. छत रात्री दहालाही खोलीच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गरम असेल, तर दोष स्लॅबचा. सकाळी अकरापासूनच घुसमट होते आणि सूर्य कलला की तासाभरात उतरते, तर तो पत्रा किंवा काच. दुपारी तीनपर्यंत ठीक आणि चार ते आठ या वेळात एकच खोली असह्य, तर पश्चिमेची भिंत किंवा खिडकी. एसी चालू असेपर्यंत बरं आणि बंद करताच दहा मिनिटांत पुन्हा तेच, याचा अर्थ हवा गार झाली पण छत-भिंती तापलेल्याच राहिल्या. एसी मोठा करून हा प्रश्न सुटत नाही.

दिशेबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. दक्षिणेची भिंत सर्वांत जास्त तापते असं सर्रास सांगतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी संपते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त ऊन झेलते ती गच्ची. त्यानंतर नंबर पश्चिमेचा आणि पूर्वेचा. दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात सरळ ऊन फार थोडं लागतं, आणि डिसेंबर-जानेवारीत जे लागतं ते नाशिकच्या थंडीत हवंहवंसंच असतं. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर गच्ची आधी, पश्चिम नंतर, दक्षिणेला हात लावू नका.

स्लॅब: इथेच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात

साधा पाच इंची आरसीसी स्लॅब उष्णता अडवत नाही, फक्त उशिरा पोचवतो. दुपारी घेतलेली उष्णता तीन-चार तासांनी खालच्या बाजूला उतरते, आणि गॅस बंद केल्यावरही तापून राहिलेल्या तव्यासारखी मध्यरात्रीपर्यंत खोलीत सुटत राहते. म्हणून बाहेर गच्चीवर गार वारा आणि आत झोप नाही, असं होतं.

स्थूल हिशेब करून बघा. भर उन्हात करड्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. आत ३० अंश ठेवायचे म्हटले, तर चारशे चौरस फुटांच्या छतातून सुमारे तीन किलोवॉट उष्णता आत येऊ पाहते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एका एसीची जवळजवळ सगळी ताकद नुसती छताशी झुंजण्यात जाते, माणसं आणि खिडक्या अजून बाजूलाच.

पहिला आणि स्वस्त इलाज पांढरा रंगच. करडा, मळकट सिमेंटचा पृष्ठभाग बरंचसं ऊन शोषून घेतो, तर स्वच्छ पांढरा सत्तर-ऐंशी टक्के परत फेकतो. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना असे पांढरे लेप दिले गेले, तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं. उपाय खरा आहे. मग आपल्याकडे दुसऱ्या वर्षी तो का फसतो?

गच्चीवर जा, ओलं फडकं घ्या आणि तळहाताएवढी जागा नीट घासा. घासलेली जागा आजूबाजूपेक्षा ठळक पांढरी दिसली, तर रंग शाबूत आहे, वर पावसाळ्याचं शेवाळ आणि हिवाळ्याची धूळ बसली आहे. नवा रंग नको, ब्रशने घासून धुणं पुरे. महाशिवरात्र ते गुढीपाडवा या दिवसांत हे दरवर्षी केलं की झालं. घासल्यावर रंगाचा पापुद्रा निघून येत असेल, तर तो शेवाळावर किंवा ओल्या कोब्यावर मारला गेला होता. तो पूर्ण खरवडल्याशिवाय वर काहीही मारू नका, कितीही महागाचा डबा आणलात तरी. मे महिन्यात दुपारी तापलेल्या गच्चीवर रंग देऊ नये, पाणी झटकन उडतं आणि लेप धरत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, दोन हात, मधे पुरेसा वेळ सोडून.

हात आखडता असेल तर कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात डिंक घालून केलेली सफेदी एका उन्हाळ्यापुरती उत्तम काम देते. पावसात ती धुऊन जाते, हे धरूनच चालायचं. चुना विझवताना उसळतो आणि भाजतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि पोरांना लांब ठेवा.

पांढऱ्या रंगाने दिवस सुसह्य होतो, पण रात्री दहाचा आकडा तरीही उतरत नसेल तर स्लॅबच्या वर इन्सुलेशन हवं. वर म्हणजे वरच. एक्सपीएस नावाचा कडक फोम बोर्ड यासाठी वापरतात. दोन इंची बोर्डाने छतातून येणारी उष्णता साधारण पाचव्या हिश्श्यावर येते, एक इंची बोर्डाने तिसऱ्या हिश्श्याच्याही थोडी खाली. पहिल्या इंचात सर्वांत जास्त फायदा आहे, त्यामुळे बजेट कमी असेल तर एक इंचावर थांबायला हरकत नाही.

बोर्ड विकत घेताना कोपरा मोडून बघा. दाणे सुटले तर ते थर्माकोल. एक्सपीएस सलग, बारीक जाळीचं मोडतं. शंका राहिली तर तुकडा वजन ठेवून रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी पुसून हातात तोला. पाण्याने जड झालेला तुकडा नाशिकच्या गच्चीवर चार पावसाळे काढणार नाही, आणि ओलं इन्सुलेशन म्हणजे इन्सुलेशन नाहीच.

क्रम चुकला की सगळं गेलं. आधी तडे भरणं आणि वॉटरप्रूफिंग. मग पाणी साठवून निदान ४८ तासांची चाचणी, खाली ओल येते का ते बघायचं. त्यानंतर बोर्ड, घट्ट सांध्याने, दोन थर असतील तर सांधे एकावर एक येऊ न देता. त्यावर जिओटेक्स्टाइल म्हणजे पाणी झिरपू देणारं कापड, आणि शेवटी उताराचा कोबा किंवा पांढऱ्या फरश्या. चायना मोझॅकही चालतं, तुकडे पांढरे निवडा. वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली येतं, याचा आणखी एक फायदा आहे. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला की सुमारे तीन मिलिमीटर लांबतो, रात्री पुन्हा आक्रसतो. कठड्याच्या बुडाशी तुम्हाला जो केसासारखा आडवा तडा दिसतो, तो बहुतेकदा याच रोजच्या हालचालीचा असतो, आणि गळती तिथूनच सुरू होते. वरून झाकलेला स्लॅब एवढा हलत नाही. म्हणजे गरमीचा इलाज गळतीलाही आवर घालतो.

ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानेही थोडा गारवा येतो, हे खरं. पण चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. जुन्या बिल्डिंगांवर गळती झाली की कोबा, परत गळली की त्यावर कोबा, असे थर चढत गेलेले असतात. त्यावर आणखी एक घालण्याआधी जुने काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. दोन इंची एक्सपीएस चौरस मीटरला दोन किलोही भरत नाही.

बजेट यातल्या कशालाच पोचत नसेल तर शेडनेट. आपल्याकडे नर्सरीवाल्यांमुळे ते कुठेही मिळतं. फक्त गच्चीवर अंथरू नका. चार-पाच फूट उंचीवर ताणा, खालून वारा फिरला पाहिजे, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वादळाचा विचार करून दोर बांधा. सोलर पॅनेल बसवायचा विचार असेल तर त्याचीही सावली मिळते, मात्र वॉटरप्रूफिंग पॅनेलच्या आधी उरकून घ्या, नंतर त्या पायांच्या मधे कारागीर नीट बसू शकत नाही.

फॉल्स सीलिंग केलं तरी गरम

खालून अडवल्याने स्लॅब थंड होत नाही, उलट जास्त तापतो, कारण त्याची उष्णता खाली जायची वाट बंद होते. तडे वाढतात. आणि गळती सुरू झाली तर ती दिसत नाही. फॉल्स सीलिंगचा एक चौकोन उतरवल्यावर वर भरलेलं थर्माकोल पिळता येईल इतकं भिजलेलं निघतं, जिप्सम बोर्डाच्या पाठीवर काळी बुरशी पसरलेली असते, आणि घरातले लोक दोन वर्षं कुबट वास कुठून येतो ते शोधत असतात. अशा घरी गरमीवर एक रुपयाही खर्च करण्याआधी गळती बंद करायला हवी.

तरीही भाड्याची जागा असेल किंवा गच्ची दुसऱ्याची असेल तर खालूनच करावं लागतं. मग नीट करा. दोन इंची रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंचा थर), त्याला खालच्या अंगाने फॉइल, आणि फॉइल व जिप्सम बोर्ड यांच्यामध्ये मोकळी हवेची जागा. फॉइलचं काम उष्णतेचे किरण रोखणं, आणि ते समोर पोकळी असेल तरच होतं. दोन पृष्ठभागांत चेपून बसवलेली फॉइल म्हणजे नुसती शोभा. तिचं तोंड खाली असलं की त्यावर धूळही बसत नाही. वायरी इन्सुलेशनमध्ये गाडू नका, लाइटच्या फिटिंगभोवती जागा सोडा. उघडं थर्माकोल छतात ठेवू नका. आग लागली तर ते वितळून खाली टपकतं आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि वर डोकावता येईल असं एक झाकण ठेवाच.

पश्चिमेची खोली आणि रस्त्यावरचं दुकान

आतून जाड पडदा लावला तर प्रकाश थांबतो, ऊन मात्र काच ओलांडून आत आलेलं असतं. अडवायचं ते काचेच्या बाहेर: बांबूची चिक, वाळ्याचे पडदे, शेडनेट, वेल, काहीही. छज्जा पश्चिमेला कामी येत नाही, कारण चारनंतरचा सूर्य खाली उतरलेला असतो आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. भिंत नऊ इंची असली तरी बाहेरून गडद रंग असेल तर फिकट करून घ्या. एवढ्यावर भागतं बहुतेक वेळा.

दुकानात बघायची जागा वेगळी आहे. शटरची पेटी. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी पुष्कळदा शटरच्या पेटीला उघडीच जोडलेली असते. रस्त्यावरची गरम हवा तिथून आत येते आणि सीलिंगच्या लाइटच्या भोकांतून खाली उतरते. अगरबत्ती पेटवून एकेका भोकाखाली धरा, धूर खाली वळला तर सापडलं. पेटीमागे बोर्डाची आडभिंत घालून सांधे बुजवले की त्याच एसीत काम भागतं. दर्शनी काचेला बाहेरून कनात, दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा आपोआप बंद होणारं दार. हे आधी, टनेज नंतर.

पत्रा

पत्र्याला साठवण नाही, तो तापतो तसा लगेच निवतो. वर पांढरा लेप, खाली हवेची जागा सोडून फॉइल लावलेलं ग्लासवूल, आणि नवीन घालायचाच असेल तर पीयूएफ म्हणजे पॉलियुरेथेन फोम भरलेले पॅनेल, आगरोधक ग्रेड विचारून. शेडवर फिरते टर्बो व्हेंटिलेटर बसवतात आणि म्हणतात उपयोग नाही. खालून हवा यायला वाटच नसते, मग ते काय ओढणार? भिंतीच्या बुडाशी जाळ्या ठेवा. निफाड-लासलगावकडच्या कांदा चाळी बघा, खालून हवा, बाजूंनी फटी, आणि पत्र्यावर उसाचं पाचट घालायची जुनी रीत. पाचट कारखान्यावर नको, आगीचा धोका आहे, पण तत्त्व तेच.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर विशेष सांगणं आहे. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कापू नका, ड्रिल करू नका, कोरडे घासू नका, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी आजार होतात. पत्रे धड असतील तर हलक्या हाताने ओले करून वरून लेप द्या आणि खालून स्वतंत्र सांगाड्यावर सीलिंग करा. फुटलेले पत्रे उतरवायचं काम माहितगारालाच द्या.

वाडा

जुन्या नाशकातले वाडे मुळात तापणारे नव्हते. दीड-दोन फुटी दगड-विटांच्या भिंती दिवसाची उष्णता दहा-बारा तास धरून ठेवतात, तोवर रात्र झालेली असते. चौकातून गरम हवा वर निघून जाते. ते आता तापतात याचं कारण आपण केलेले बदल: चौकावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा, कौलं काढून टिनपत्रा, माळा काढून उंच खोली, आणि माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंट प्लॅस्टर व प्लॅस्टिक पेंट. शेवटचा बदल सर्वांत घातक. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, भिंतीत राहते, ओली भिंत उष्णताही लवकर आत सोडते आणि आत गाडलेला सागवानी खांब बुडातून कुजतो.

तेव्हा वाड्यात फोम चिकटवण्याआधी चौकावरच्या पत्र्याला कडेने हवेची फट करा, शक्य असेल तर पत्रा उचलून दोन फूट वर घ्या. कौलांखाली फळ्या आणि त्यावर फॉइल, मधे हवा. प्लॅस्टर करायचंच तर चुन्याचं. आणि वरच्या मजल्यावर कोबा, मातीचा थर, पाण्याच्या टाक्या किंवा कुंड्यांची बाग अजिबात नको. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, भिंती कोसळल्याच्या बातम्याही आपण वाचतो. लाकडी वाशांना वजन देऊन मिळवलेला गारवा जिवावर बेतू शकतो.

रात्रीचा वारा फुकट आहे

एप्रिल-मेमध्ये नाशिकची रात्र बहुतेकदा पंचविशीच्या खाली उतरते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, साधारण नऊनंतर, समोरासमोरच्या खिडक्या आणि जिन्याचं वरचं दार उघडा, वरच्या टोकाला एक एक्झॉस्ट लावा. सकाळी आठला सगळं बंद, पडदे ओढून. डास आणि सुरक्षितता यांसाठी जाळी आणि ग्रिलवर केलेला खर्च हा इन्सुलेशनचाच खर्च समजा. डेझर्ट कूलर या दिवसांत छान चालतो, पण त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी, बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. मृग लागला की त्याचा उपयोग संपतो.

सोसायटीत विषय कसा काढायचा

शेवटच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाच्या गरमीसाठी सगळ्यांनी पैसे काढावेत, हे मीटिंगमध्ये मंजूर होत नाही. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती मात्र सोसायटीच्या खर्चानेच व्हायला हवी, गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीतच (नियमावलीत) तशी तरतूद आहे. म्हणून वॉटरप्रूफिंगचा ठराव येईल तेव्हाच बोर्डाचा थर त्यात जोडून मागा. मजुरी, मलबा, कोबा हा खर्च होणारच असतो. वाढीव येतो तो बहुतांशी बोर्डाचा आणि कापडाचा, आणि तेवढा भाग वरच्या मजल्यावाल्यांनी उचलायची तयारी दाखवली की विरोध मावळतो. कोटेशनमध्ये बोर्डाची जाडी, प्रकार आणि ४८ तासांची चाचणी लिहून घ्या. काम मार्चअखेर सुरू करा, मेच्या मध्यापर्यंत संपलंच पाहिजे. उघडलेल्या गच्चीवर वळीव कोसळला तर खालचं घर धुऊन निघतं.

पहिला मोठा पाऊस थांबल्यावर एकदा वर जाऊन या. पावसाच्या पाइपाच्या तोंडाभोवती आणि कठड्याच्या गोलाईपाशी तासाभराने पाणी उभं दिसलं, तर उतार चुकला आहे. तेवढा तुकडा त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्यासाठीच मागे ठेवा.